दुखत नाही त्या पायाचं काय करायचं: मधुमेहात पाय सांभाळायची रीत

चप्पल पायातून निसटली आणि चार पावलं पुढं गेल्यावर, मागून कुणीतरी हाक मारली तेव्हा कळलं. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत असं एकदा जरी झालं, तरी ते विसरभोळेपणावर ढकलू नका. तळपायाची जाणीव कमी झाल्याची ही खूण आहे. मुंग्या येणं, रात्री तळवे भगभगणं, कापसावरून चालल्यासारखं वाटणं या तिच्या बाकीच्या खुणा. काहींना मात्र यातलं काहीच होत नाही. पाय गुपचूप बधिर होतो.

साखर बरीच वर्षं चढी राहिली की पायाच्या नसा आधी बोटांच्या टोकांशी निकामी होतात आणि मग ते वर सरकत जातं. पायात काटा मोडला की दुखतं, म्हणून आपण थांबतो, काटा काढतो, दोन दिवस लंगडतो. लंगडण्यामुळेच जखमेवरचा भार कमी होतो आणि ती भरते. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. तो त्याच काट्यावर दिवसभर रान तुडवतो आणि संध्याकाळी पायपुसण्यावर रक्त दिसलं तर बघतो. "काय होतंय त्याला, दुखतच न्हाई की," हे वाक्य बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून अथणीपर्यंत सगळ्या दवाखान्यांत ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा बोट काळं पडल्यावर. दुखणं जे काम फुकट करत होतं, ते आता डोळ्यांनी आणि हातांनी करायचं आहे. रोजची दहा मिनिटं त्यासाठी काढायची.

आधी जाणीव किती उरलीय ते बघा

ही चाचणी घरातलं कुणीही करू शकतं. मोजे काढून पलंगावर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे. दुसऱ्यानं तर्जनीच्या टोकानं पायाच्या बोटाच्या शेंड्याला अगदी हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. स्पर्श कळला की "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, आणि नाही कळलं म्हणून त्याच बोटाला पुन्हा हात लावायचा नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे असं धरून डॉक्टरांकडं जायचं. तिथं १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू टेकवून आणि १२८ हर्ट्झचा स्वरकाटा लावून पक्की तपासणी होते.

सगळं कळलं तरी वर्षातून एकदा डॉक्टरांसमोर पाय उघडे करायचेच. साखरेचा रिपोर्ट दाखवून, बूट न काढता परत येणारे खूप. डॉक्टर विसरले तर आपण म्हणायचं, "पाय पण बघा की." मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायचं का, तेही विचारून घ्या. त्या गोळीनं हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्याच्या कमतरतेनंही पाय बधिर होतात.

रोजचं बघणं

वेळ ठरवून घ्या. संध्याकाळी हातपाय धुतल्यावरची वेळ चांगली, कारण दिवसभरात काय लागलं ते तेव्हाच दिसतं. खुर्चीवर बसा, लख्ख उजेड घ्या, एक पाय दुसऱ्या मांडीवर. पाय वळत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर तळवा धरा. नजर अधू असेल तर सुनेला, नातवाला बघायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

बोटांच्या चारही बेचक्या उघडून बघायच्या, कारण सगळ्यात जास्त सुटतं ते तिथंच. मग अंगठ्याच्या मागची गादी, टाचेची कड, नखांचे कोपरे, आणि मांडी घालून बसणाऱ्यांनी घोट्याचं बाहेरचं हाड. भजनाला, पंगतीला, विडी वळायला तासन्‌तास मांडी घालून बसलं की त्या हाडावर घट्टा धरतो आणि आत जखम होते. बसायचंच असेल तर घोट्याखाली मऊ घडी घ्या, अर्ध्या तासानं पाय मोकळे करा.

बघून झालं की हाताच्या पालथ्या बाजूनं दोन्ही पाय चाचपा. एखादी जागा, किंवा अख्खा एक पाय, दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का? गरम लागणारी जागा आत काहीतरी बिघडल्याची पहिली वर्दी असते. कातडी फुटायच्या आधी ती मिळते. कुठं जखम नाही, फारसं दुखतही नाही, पण पाय लाल, गरम आणि सुजलेला आहे, असं असेल तर चालणं त्याच घडीला बंद करून दवाखाना गाठायचा. बधिर पायातली हाडं ठिसूळ होऊन मोडायला लागली की असं दिसतं. पायाचा आकार कायमचा बिघडायच्या आत प्लास्टर घालून घ्यावं लागतं. याला कुणी मुरगळलं समजतं, कुणी वात समजतं, आणि मालीश सुरू होते. तसं करू नका.

पाणी, तेल आणि पावसाळा

पाय रोज धुवायचे, पण भिजत ठेवायचे नाहीत. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय सोडून बसायची सवय मोडा: कातडी आधी भिजून फुगते, मग कोरडी पडून भेगाळते. पाण्याचा गरमपणा पायानं कधीच बघू नका, कोपरानं बघा. कोपराला सोसवेल इतकंच. बंबातलं कढत पाणी बादलीत ओतून त्यात आधी पाय घालायचा आणि मग विसण घालायचं, एवढ्यानंही तळव्याला फोड येतात आणि माणसाला पत्ता नसतो.

धुतल्यावर मऊ सुती फडक्यानं टिपून घ्या, बेचक्यांत फडक्याचा कोपरा घालून. मग तळव्याला आणि टाचेला खोबरेल किंवा साधं पेट्रोलियम जेली. टाचा फार खरखरीत असतील तर दहा टक्के युरियाचं मलम औषधाच्या दुकानात मिळतं. बेचक्यांत मात्र तेलही नको नि मलमही नको. ती जागा कोरडीच हवी.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पाय कोरडा ठेवा म्हणणं थट्टेसारखं वाटेल. भाताची लावण चिखलात उभं राहूनच होते. मग निदान एवढं करा. रानात जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आत सुती मोजे. मोज्यांचा दुसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर. दुपारी भाकरी खायला बसल्यावर बूट काढायचे, पाय पुसायचे, मोजे बदलायचे. बुटात पाणी शिरलं तर तसंच काम ओढू नका. चिखलापेक्षा आत साचलेलं पाणी वाईट. घरी आल्यावर बूट उपडे टांगायचे, कोपऱ्यात उभे करायचे नाहीत.

बेचक्यांत कातडी पांढरी पडली, खाज सुटली, सालपटं निघाली की त्या चिखल्या. क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा, पातळ थर, दोन ते चार आठवडे. चार दिवसांत खाज थांबते आणि लोक मलम बंद करतात, म्हणून त्या परत येतात. दुकानदार तीन औषधांच्या मिश्रणाची ट्यूब पुढं करेल. तिच्यावर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असं नाव असेल तर घेऊ नका. ते स्टेरॉइड असतं. खाज झटक्यात जाते, पण बुरशी आत पसरत राहते आणि कातडी पातळ होते. कातडी चिरून लाल दिसायला लागली तर घरचा इलाज थांबवा. पायात जंतू शिरायची ती सोपी वाट आहे.

नखं, भेगा, कुरूप

नखं अंघोळीनंतर, मऊ असताना, सरळ रेषेत कापा. कोपरे खोल कोरू नका, कानशीनं कड गुळगुळीत करा. ब्लेडला हात लावू नका.

भेगांवर वज्री घासायची असेल तर फार हलक्या हातानं, आणि जाणीव गेलेल्या पायावर अजिबात नाही. कुठं थांबायचं हे त्या पायाला कळत नाही. घट्टा आणि कुरूप घरी कापायचे नाहीत. कुरपाच्या औषधी पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते कुरपाबरोबर भोवतीची चांगली कातडीही जाळतं. बिब्ब्याचा चटका आणि रुईचा चीक तर त्याहून वाईट. धडधाकट माणसाला बिब्बा उतला तर तो बोंब मारतो, बधिर पायाचा माणूस दुसऱ्या दिवशी फोड बघतो. घट्टा म्हणजे त्या जागी जास्त दाब पडतोय. डॉक्टरांकडून तो तासून घ्यायचा आणि चप्पल बदलायची. नुसता तासला तर महिन्याभरात परत येणार. घट्ट्याखाली काळसर-लाल ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय, म्हणजे जखम झालेलीच आहे, वर झाकण आहे इतकंच.

पायात काय घालायचं

घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. हे सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्याकडं स्वयंपाकघरात आणि देवघरात चप्पल चालत नाही. घरातला वेगळा, बाहेर कधीच न जाणारा जोड ठेवला की बहुतेक घरांत हा वाद मिटतो. नाहीच मिटला तर निदान जाड तळव्याचे मोजे, पण फुटलेली काच किंवा पडलेली सुई त्यातूनही लागू शकते.

कोल्हापुरी चपलेबद्दल बोलायला जीव होत नाही. २०१९ मध्ये तिला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे. अथणी, निपाणीची कारागिरी कुणी नाकारणार नाही. पण तिचा तळ कडक, अंगठ्याचा पट्टा नवा असताना काचतो आणि मागं पट्टा नाही. जाणीव शाबूत असेल तर खुशाल घाला. पाय बधिर असेल तर लग्नकार्याच्या दिवशीही नको. अंगठ्याच्या पकडीवर चालणारी कुठलीच चप्पल नको, कारण ती पायात ठेवायला बोटं नकळत आवळली जातात आणि बोटांच्या शेंड्यांवर घट्टे येतात.

हवी ती अशी: मागं पट्टा, वर दोन रुंद वेल्क्रोचे पट्टे, आत माइक्रोसेल्युलर रबराचा मऊ थर. दुकानदार त्याला एमसीआर म्हणतात. थर साधारण ८ ते १० मिलिमीटर जाड. चिमटीत धरून दाबला तर दबला पाहिजे, सोडला की लगेच फुगला पाहिजे. खालचा तळ मात्र टणक हवा, नाहीतर बाभळीचा काटा सरळ वर येतो. खिळे मारलेली चप्पल घेऊ नका, चिकटवलेली किंवा शिवलेलीच घ्या. आतला थर दबून सपाट झाला की चप्पल वरून नवी दिसत असली तरी संपली.

बेळगावच्या गणपत गल्लीत खरेदीला जाणार असाल तर संध्याकाळी जा. सकाळच्यापेक्षा पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. घरून निघायच्या आधी कागदावर उभं राहून दोन्ही पायांची कड पेन्सिलीनं आखून घ्या, कापा आणि तो कागद बुटात सरकवा. दुमडला तर बूट अरुंद आहे. लांबीला पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी. "वापरून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका. चामडं सैल व्हायच्या आत कातडी फुटते. नवा जोड पहिल्या दिवशी तासभर घालून पाय बघा. कुठं लाली नसेल तर रोज थोडा वेळ वाढवा.

मोजे फिक्या रंगाचे, म्हणजे रक्त-पू लागलेला दिसतो. इलॅस्टिक काचणारं नको, शिवण जाड असेल तर मोजे उलटे घाला. आणि प्रत्येक वेळी बूट उपडा करून आपटायचा, आत हात घालून चाचपायचं. खडा, खिळ्याचं टोक, कधी विंचू. ऊसपट्ट्यात, रायबाग-चिकोडीकडं, तोड झालेल्या फडातली धसकटं साध्या चपलेला जुमानत नाहीत. तिथं बंद बूटच लागतो.

बाकीच्या घातक गोष्टी

जोडवी. पायाला सूज आली की ती बोटात रुततात आणि खाली कातडी कापली जाते. रोज फिरवून बघा. फिरत नसतील तर काढा. निघत नसतील तर साबण लावून ओढाताण न करता सोनाराकडून कापून घ्या. मावशींना हे पटवणं सोपं नाही, पण बोट राहिलं तर जोडवी परत घालता येतात.

उंदीर. धान्याच्या खोलीत जमिनीवर झोपणाऱ्याची बधिर बोटं उंदीर रात्री कुरतडतात आणि माणूस जागा होत नाही. ऐकायला विचित्र वाटलं तरी हे खरोखर घडतं. जेवल्यावर पाय धुवून झोपा, खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

थंडीत शेकोटीला पाय, चुलीच्या वैलाजवळ पाय, गरम पाण्याची पिशवी, दुचाकीचा सायलेन्सर, ट्रॅक्टरच्या इंजिनालगतचा तापलेला पत्रा. भगभग होते म्हणून रात्री बर्फावर किंवा पाण्यात पाय ठेवणंही तितकंच वाईट. भगभगीवर गोळ्या आहेत, डॉक्टरांना सांगा.

दवातल्या गवतावर अनवाणी चालल्यानं साखर उतरते असं सांगणारे प्रत्येक गल्लीत असतात. साखर चालण्यानं उतरते, चप्पल काढल्यानं नाही. प्लास्टिकच्या काट्यांची ॲक्युप्रेशरची चप्पल तर उचलून अडगळीत टाका.

तंबाखू, मग ती विडी असो, गुटखा असो की निपाणीची चुन्याबरोबर मळलेली. पायाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात, त्यात ही भर. थोडं चाललं की पोटरी धरते आणि थांबलं की सुटते. पाय गार, चकचकीत, केस गेलेला. रात्री पाय खाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं. असं असेल तर रक्तपुरवठ्याची डॉप्लर तपासणी लवकर करून घ्या. रक्तच पोचत नसेल तर कितीही भारी मलम जखम भरणार नाही.

जत्रा आणि वारी

सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का, जोतिबा, पंढरी. अनवाणी जायचा नवस असतो आणि देवळाचं फरसबंद आवार दुपारी तव्यासारखं तापतं. पाय बधिर असलेल्यानं अनवाणी पदयात्रेचा नवस घरच्या धडधाकट माणसाकडून फेडून घ्यावा. दर्शनाला सकाळी लवकर जा, आवारात जाड सुती मोजे घाला, परत आल्याबरोबर पाय बघा. वारीला चालणार असाल तर महिनाभर आधी तोच बूट घालून सराव हवा, आणि दर मुक्कामाला मोजे बदलणं. फोड आला तर फोडायचा नाही. त्या दिवसापासून गाडीत बसायचं.

जखम झालीच तर

हात धुवा. जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं, किंवा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड ते दोन सपाट चहाचे चमचे मीठ विरघळवून त्या पाण्यानं धुवा. भोवतालची जागा टिपा. निर्जंतुक गॉज ठेवून कागदी टेपनं हलकं चिकटवा. टेप बोटाभोवती गोल गुंडाळू नका, सूज आली की ती फासासारखी आवळते. कापूस थेट जखमेवर नको, त्याचे तंतू आत अडकतात. हळद, चुना, तंबाखू दाबणं, टूथपेस्ट, झाडपाला, स्पिरिट, पावडर, यातलं काहीही नको. आणि चोवीस तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

लाली पसरतेय, वास येतोय, पू आहे, बोट निळं-काळं पडलंय, थंडी वाजून ताप आलाय, किंवा औषध तेच असून साखर एकदम चढलीय, तर चोवीस तासही थांबायचं नाही. रात्र असली तरी निघायचं. गाडी नसेल तर १०८.

मलमपट्टी रोज होते, महागडी अँटिबायोटिक चालू असतात, आणि जखम दोन-दोन महिने तशीच, असं दिसलं की एकच प्रश्न विचारावा: त्या पायावर भार देणं थांबलंय का? तळव्याची जखम भरत नाही याचं सगळ्यात मोठं कारण रोजचं चालणं. डॉक्टर पायाच्या आकाराचं प्लास्टर किंवा खास बूट देतात, म्हणजे भार जखमेवरून उठून आजूबाजूला वाटला जातो. ते "जरा संडासला जाऊन येतो" म्हणून काढायचं नाही. तेवढी दहा-वीस पावलं दिवसाचं काम वाया घालवतात. कुबडी, वॉकर, संडासात खुर्ची, ही सोय पहिल्याच दिवशी करा.

कुठं जायचं? बेळगाव-खानापूरकडच्यांना बिम्सचं सरकारी इस्पितळ. अथणी-कागवाडचे लोक मिरजेला आणि निपाणीचे कोल्हापूरला जातात. जवळ पडेल तिथं जा, पण शल्यचिकित्सा विभागात, नुसतं ड्रेसिंग करून देणाऱ्याकडं नको. बरोबर चालू गोळ्यांची पाकिटं, शेवटचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आणि जखमेचे रोजचे फोटो न्या. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे वाढतेय की आकसतेय ते कळतं. समोरची सिस्टर कानडी असेल आणि आपलं कानडी अडखळत असेल, तर "शुगर ऐतरी, कालिगे गाय आगैतरी" (साखर आहे, पायाला जखम झालीय) एवढ्यावर काम भागतं.

खर्चाचं भरती व्हायच्या आधी विचारा. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांतल्या लोकांना लागू केली. कुठलं कार्ड कुठल्या दवाखान्यात आणि कुठल्या उपचाराला चालतं, ते त्या दवाखान्याच्या योजना खिडकीवरच पक्कं होतं.

जखम भरली की लोक जुनी चप्पल परत काढतात. ज्या चपलेनं ती जखम केली, ती तीच असते. भरलेल्या जागेची कातडी आधीइतकी घट्ट कधीच होत नाही, आणि भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षाच्या आत पुन्हा उघडतात. म्हणून भरल्यावर पहिल्या आठवड्यात घरात थोडं थोडं चालायचं, नव्या चपलेत, आणि दर वेळी ती जागा हातानं गरम लागते का ते बघायचं. एकदा जखम झालेल्यानं दर एक ते तीन महिन्यांनी पाय डॉक्टरांना दाखवायचा. नुसती जाणीव कमी असेल, रक्तपुरवठा नीट असेल आणि पायाचा आकार बिघडलेला नसेल, तर सहा महिन्यांनी ते वर्षानं चालतं.